झाकण कुठं आहे?

टाकी उपसायची गाडी दारात आली, पाइप अंगणात पसरला, ड्रायव्हरनं मोटर चालू केली, की मग घरमालकाला विचारायचं, ‘‘झाकण कुठं आहे?’’ तिथून पुढचा अर्धा तास शोधाशोधीत जातो. वहिनी म्हणतात, ह्यांना माहीत असेल. हे म्हणतात, बांधकाम वडिलांच्या हातचं, आणि वडील तर गेले. मग गवंड्याला फोन. तो पुण्याला साइटवर असतो. शेवटी झाकण सापडतं ते नव्यानं घातलेल्या पेव्हर ब्लॉकखाली, नाहीतर तुळशीवृंदावनाच्या चौथऱ्याखाली. एका घरी तर ते वाढवलेल्या स्वयंपाकघरात, गॅसच्या ओट्याखाली निघालं. त्या माउलीनं वर्षानुवर्षं त्यावर उभं राहून पोळ्या लाटल्या होत्या.

मी कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होतो. तोंडावर लोक ‘साहेब’ म्हणायचे, पाठीमागं काय म्हणायचे ते इथं नको. नोकरीत फायली पुष्कळ वाचल्या, जुने ठराव चाळले, आणि निवृत्तीनंतर पुस्तकंही. शहरांच्या घाणीचा इतिहास लिहिणारे गटारींवर, पंपांवर, इंजिनिअरांवर लिहितात. मला त्यात एकच गोष्ट शोधावीशी वाटते. घरातला मैला साठतो त्या जागेचं झाकण किंवा दार उघडायचं कुणी, हे त्या त्या काळानं कसं ठरवलं?

आधी झाकण नव्हतंच, दार होतं. माझ्या लहानपणी आमच्या आळीतल्या प्रत्येक घराला टोपली संडास होता. घराच्या मागच्या अंगाला उंच दगडी चौथरा, वर दोन पायठे, मध्ये भोक. भोकाखाली डांबर फासलेली बांबूची टोपली, पुढं पुढं पत्र्याचा डबा. चौथऱ्याच्या खालच्या बाजूला बोळात उघडणारं हातभर उंचीचं लाकडी दार. सकाळी मावशी यायच्या. त्यांना आम्ही मावशीच म्हणायचो, पण त्यांच्या हातात काही द्यायचं झालं तर आजी वरून टाकायची. मावशी बोळात वाकून दार उघडायच्या, खरपीनं टोपली ओढून मोठ्या डब्यात रिकामी करायच्या, तळाशी मूठभर राख भुरभुरवायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. चार-पाच घरं झाली की डबा डोक्यावर, बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मैलागाडीपर्यंत. पावसाळ्यात डब्याच्या कडेवरून काय गळत असेल आणि कुणाच्या मानेवर, हा विचार माझ्या मनात पहिल्यांदा आला तो नोकरी लागल्यावर. गाडीला रेडा जुंपलेला असायचा. ती गावाबाहेरच्या खतडेपोत जायची. तिथं खड्ड्यात मैल्याचा थर, त्यावर गावच्या कचऱ्याचा थर, पुन्हा मैला, असं भरून ठेवायचं. काही महिन्यांनी सोनखत तयार. त्याचा लिलाव व्हायचा आणि ऊसवाले बागायतदार बोली चढवायचे. पुणे, नाशिकसारख्या म्युनिसिपालट्यांचा तर हा एकोणिसाव्या शतकापासूनचा उत्पन्नाचा मार्ग. सुरुवातीला शेतकऱ्यांनी नाकं मुरडली, पण उसाची पेरं पाहिल्यावर मागणी पुरवता येईना. म्हणजे माल सोन्याचा होता, तो उचलणारा माणूस तेवढा कुणाला नको होता.

त्या मावशींची घरं ठरलेली होती. आमची आळी त्यांच्या सासूकडून त्यांच्याकडं आली होती. अशा वहिवाटीला बऱ्याच ठिकाणी हक्काचं रूप होतं. अमुक घरं अमुक कुटुंबाची, त्यात दुसऱ्यानं शिरायचं नाही. अडीनडीला हे हक्क गहाण पडत, विकलेही जात. स्वातंत्र्यानंतर सरकारी समित्यांनी चौकशी केली तेव्हा सुधारणेच्या वाटेत हीच मोठी अडचण दिसली. नरकातली का होईना, ती मिळकत होती. आपल्या मुंबई सरकारनं १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. डोक्यावरून मैला नेणं बंद करा, ढकलगाड्या द्या, अशा तिच्या शिफारशी. पुढं केंद्रानंही राज्यांना त्या कळवल्या. आमच्या पालिकेतही ढकलगाड्या आल्या. बोळ इतके अरुंद, की गाडी तोंडाशीच अडायची आणि तिथपर्यंत डबा पुन्हा डोक्यावरच.

मुंबईत हाच मामला कायद्याच्या भाषेत लिहिला गेला. १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यात ‘हाउस गल्ली’ची व्याख्या आहे. दोन इमारतींच्या मधली, संडासापर्यंत आणि मैलकुंडापर्यंत पोचण्यासाठी ठेवलेली चिंचोळी पट्टी. गिरगाव, भुलेश्वरला त्या गल्ल्या आजही आहेत. वरून कचरा पडतो, खालून उंदीर फिरतात आणि पालिकेची माणसं त्या साफ करतात. त्याच कायद्यात घरपट्टीबरोबर ‘हलालखोर कर’ होता. मैला उचलणाऱ्याच्या जातीच्या नावानंच कर, इतकं उघड. हे लोक बहुतेक गुजरात-काठेवाडकडून आलेले. शहरानं त्यांना हिशेबात धरलं ते १८९६ च्या प्लेगमध्ये. लोक लोंढ्यानं मुंबई सोडत होते. दुकानदार गेले, गिरणी कामगार गेले, पण म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना खरी धास्ती होती ती हलालखोर जातील याची. ते गेले असते तर शहर राहण्याजोगं उरलं नसतं, हे त्यांनी आपल्या अहवालात मांडलं आहे. इस्पितळात जबरदस्तीनं नेण्याचे नियम सैल करण्यामागं जी कारणं होती, त्यांत ही एक धास्तीही होती. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. एरवी ज्याची सावली टाळायची, तो गाव सोडील म्हणून साहेब घाबरतो!

आता टाकीकडं येतो. सेप्टिक टँक ही काही आपल्या मातीतली वस्तू नव्हे. फ्रान्समध्ये वेझूल गावी मूरा नावाच्या गृहस्थानं घराचा मैला पाण्याखाली बंद राहील असं एक कुंड बांधलं. कित्येक वर्षांनी उघडून पाहिलं तर घट्ट मैला जवळजवळ नाहीच, सगळं पातळ झालेलं. १८८१ मध्ये त्याचा गाजावाजा झाला आणि त्या कुंडाला नाव मिळालं ‘स्वयंचलित मेहतर’. पुढं १८९५ च्या सुमारास इंग्लंडात एक्झिटर शहरी डोनाल्ड कॅमेरॉन या इंजिनिअरनं गावचं सांडपाणी अशाच बंद टाकीतून सोडलं आणि ‘सेप्टिक टँक’ हे नाव रूढ केलं. हवा नसलेल्या ठिकाणी जगणारे जिवाणू मैला खातात, काही भागाचं पाणी होतं, काहीचा वायू, राहिलेला गाळ तळाशी. तत्त्व एवढंच.

आणि ही विद्या दोनच वर्षांत मुंबईला पोचली होती, हे आपल्याकडं फार थोड्यांना ठाऊक आहे. माटुंग्याला महारोग्यांसाठी आश्रम होता, १८९० साली सुरू झालेला. आज वडाळ्याला ॲक्वर्थ रुग्णालय म्हणतात ते तेच. ॲक्वर्थ म्हणजे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ. शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापणारे तेच हे साहेब. त्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्याच्या टाक्यांवर वायू धरायची सोय केली आणि त्या वायूवर इंजिन चालवलं. पुष्कळ परदेशी पुस्तकांत या प्रयोगाचं साल १८५९ दिलेलं आढळतं. आश्रमच १८९० चा, तर १८५९ मध्ये टाकी कुणाची? पण एकानं लिहिलं की शंभर जण उतरवून घेतात. ते असो. ज्यांना गावानं बाहेर काढलं, त्यांच्या मैल्यावर या शहरात इंजिन चाललं, आणि गावातले लोक मात्र पुढं पाऊणशे वर्षं टोपलीच वापरत राहिले. कारण साधं होतं. टाकीला विटा लागतात, सिमेंट लागतं, मुख्य म्हणजे भरपूर पाणी लागतं. टोपली उपसणारं माणूस महिन्याला थोडक्यात मिळत होतं.

या व्यवहाराला हात घातला तो एका कोकणी माणसानं. आप्पा पटवर्धन १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी तुरुंगाधिकाऱ्यांकडं भंगीकाम मागितलं. नियम असा, की वरच्या जातीच्या कैद्याला हे काम द्यायचं नाही. आप्पा ब्राह्मण. काम मिळेना म्हणून त्यांनी अन्न कमी केलं. येरवड्यात गांधीजींना कळलं, त्यांनी ३ डिसेंबरला सहानुभूतीचा उपवास सुरू केला आणि सरकारला विचार करणं भाग पडलं. शिक्षा म्हणूनही जे काम देता येत नव्हतं ते हक्क म्हणून मागणारा कैदी तुरुंगाच्या नियमांनी पाहिलाच नसावा. नंतर आप्पांनी कणकवलीला गोपुरी आश्रम उभा केला. मेलेल्या गुरांची कातडी सोलणं, चर्मोद्योग, खत आणि संडास. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दुसऱ्याला उपसावा लागणार नाही असा संडास काढा, किंवा ज्याचा त्यानं उपसता येईल असा. कोकणात खर्च परवडेल असे सोपे संडास त्यांनी करून दाखवले, संडासाला जोडून गॅसही काढला. ‘कोकणचे गांधी’ म्हणून त्यांचे फोटो कार्यालयांत लागले. फोटो लावणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांचा खड्डा बांधला, हे विचारू नये.

आमच्या गावात टोपली गेली आणि टाकी आली ती सत्तर-ऐंशीच्या दशकात. नळ घरात आले, स्लॅबची घरं आली, सरकारी अनुदान आलं. मी नोकरीला लागलो तेव्हा बोळातली दारं विटांनी बुजवण्याचं काम जोरात होतं. मावशींच्या मुलाला पालिकेत झाडूवाल्याची नोकरी मिळाली. आम्हा सगळ्यांना वाटलं, सुटलो. साखळी ओढली, पाणी गेलं, संपलं. मूराच्या यंत्राला जे नाव दिलं होतं, ते खरंच आहे असा समज गावानं करून घेतला.

टाकी संपवत नाही, साठवते. बांधताना इंजिनिअर भारतीय मानक २४७० समोर ठेवतो, निदान ठेवायला हवा. रुंदी किमान पाऊण मीटर, पाण्याची खोली किमान एक मीटर, लांबी रुंदीच्या दोन ते चार पट. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही तोंडांना टी आकाराचा पाइप, म्हणजे वरची साय आणि खालचा गाळ बाहेर न जाता मधलं पाणीच जावं. ते पाणी शोषखड्ड्यात. आणि दर दोन-तीन वर्षांनी उपसा. ही शेवटची ओळ नकाशावर कुठंच छापलेली नसते, त्यामुळं तिचा विसर पडायला फार वेळ लागत नाही. गवंडी खर्च वाचवायला टी घालत नाही. मालक शोषखड्डा न करता बाहेरचा पाइप रात्रीतून गटारीला जोडतो. टाकी सुरू करताना मात्र पाटीभर शेण घालायला कुणी चुकत नाही. शेण घातल्यानं बिघडत काही नाही, पण टी नसेल तर फायदाही नाही.

उघडलेली टाकी कशी दिसते हे बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. झाकण सरकवलं की वर तपकिरी, जाड, भेगा पडलेली साय दिसते, वाळलेल्या चिखलासारखी घट्ट. आमच्या हाताखालचा एक जुना माणूस लांब बांबूला फाटकं पांढरं धोतर गुंडाळायचा, साय बाजूला सारून तो बांबू सावकाश तळाला टेकवायचा, मिनिटभर थांबायचा आणि तसाच वर काढायचा. धोतरावर खालून हात-दीड हात काळाकुट्ट पट्टा, वर करडा ओलावा. काळा पट्टा म्हणजे गाळ. खोलीच्या तिसऱ्या हिश्शावर गेला की उपसायचंच. उपसतानाही तो सगळं कोरडं करू द्यायचा नाही, ‘‘विरजणापुरतं ठेवा साहेब,’’ म्हणायचा. जिवाणूंचं शास्त्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं. घराघरांत संडासात ॲसिड आणि फिनेल ओतणाऱ्या बायकांशी मात्र त्याचं कायम भांडण. ‘‘ताई, तुमचा भांड्याचा डाग जातो आणि माझी टाकी मरते.’’

झाकण काढल्यावर तो आणखी एक गोष्ट म्हणायचा, ‘‘आज उघडून ठेवा, हात उद्या लावू.’’ रात्रभर उघडी ठेवली की वायू निघून जातो, हा जुना अनुभव. तो पुरेसा नाही. गाळ ढवळला की अडकलेला वायू पुन्हा सुटतो. कंदील दोरीनं आत सोडून बघायची पद्धतही मी पाहिली आहे. ज्योत विझली तर आत प्राणवायू नाही. पण मिथेन असला तर तोच कंदील भडका उडवू शकतो, आणि हायड्रोजन सल्फाइडचं तर ज्योतीला काहीच कळत नाही. त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो, म्हणून लोक वासावर विसंबतात. प्रमाण वाढलं की हा वायू नाकाचीच शक्ती घालवतो. वास गेला म्हणजे धोका गेला, असं वाटतं आणि माणूस शिडीवरून एक पायरी आणखी उतरतो. खाली कोसळलेल्याला काढायला दुसरा उतरतो, त्याला काढायला तिसरा. म्हणून अशा बातमीत मेलेल्यांचा आकडा सहसा एकावर थांबत नाही.

टोपलीनं माणसाला रोज थोडं मारलं. टाकीनं त्याला काही वर्षं मोकळं ठेवलं आणि मग एका दिवशी खोल बोलावलं. एरवी हे काम कुणाचंच नव्हतं, त्यामुळं त्याची सवय, अवजार, दोर, काहीच कुणाकडं उरलं नाही. चौकात उभ्या असलेल्या मजुराला हजार रुपये दाखवले की तो उतरतो. पण तो आला कुठल्या वस्तीतून हे बघितलं, की मावशींचा बोळ पुन्हा आठवतो. अरुण ठाकूर आणि महंमद खडस यांनी ‘नरक सफाईची गोष्ट’ लिहिलं तेव्हा टोपल्या जात चालल्या होत्या. त्यांचं पुस्तक आज वाचताना वाईट याचं वाटतं, की ते जुनं झालेलं नाही.

कायदे झाले. १९९३ चा कोरड्या संडासांविरुद्धचा, २०१३ चा त्याहून कडक. दुसऱ्या कायद्यानं संरक्षण साधनांशिवाय टाकीत किंवा गटारीत माणूस उतरवणं हा गुन्हा ठरवला, उतरवणारा घरमालक असला तरी. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १९९३ पासून मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख द्या म्हटलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख. नोकरीत असताना मी सोसायट्यांना या कलमाची नोटीस काढायचो. सेक्रेटरी सही करून घ्यायचे आणि म्हणायचे, ‘‘साहेब, गाडीचा रेट फार आहे हो.’’

वेगळी वाट नव्हती असं नाही. आप्पांच्या विचारातला उपाय देहूच्या डॉ. मापुसकरांनी पुढं नेला. तुकोबांच्या गावात दवाखाना चालवणारे हे डॉक्टर. जुलाब, जंत, कावीळ यांवर गोळ्या देऊन देऊन त्यांना कळलं, की रोग उघड्यावर आहे. त्यांनी संडास बांधायला घेतले, त्यांना जोडून गॅस काढणारं ‘मलप्रभा’ संयंत्र तयार केलं, आणि आयुष्य त्यातच घातलं. पद्मश्री २०१७ मध्ये मिळाली, तीही मरणोत्तर. खेड्यांत दोन खड्ड्यांचा संडास पसरला तो अशाच माणसांच्या खटपटीनं. विटांची जाळी ठेवून बांधलेले दोन खड्डे, मध्ये वाटणी करणारी छोटी कुंडी. एक भरला की बोळा त्याच्या तोंडात, तो बंद, दुसरा सुरू. दीड-दोन वर्षांनी पहिला उघडला की आत काळी, भुसभुशीत, वास नसलेली माती. मी ती हातात घेतली आहे. घरमालकानं स्वतः फावड्यानं काढली आणि पेरूच्या झाडाला घातली. दार कुणी उघडायचं, या प्रश्नाला इतकं सोपं उत्तर आजवर दुसरं कुणी दिलेलं नाही. पण आमच्याकडं दोन खड्डे म्हणजे गरिबाचा संडास आणि टाकी म्हणजे बंगल्याची शान. अनुदानाचा खड्डाही लोक दहा-पंधरा फूट खोल मारून घेतात, ‘आयुष्यभर बघायला नको’ म्हणून.

बघायला नको, हीच सगळ्यांची इच्छा असेल तर मग बघायचं काम नगरपालिकेनं घ्यावं, असं वाईनं आणि सिन्नरनं ठरवलं. २०१८ च्या सुमारापासून तिथं वेळापत्रकानं टाक्या उपसतात. वॉर्डावॉर्डानं गाडी फिरते, तीन वर्षांच्या फेरीत प्रत्येक घर येतं. त्या वेळी पैसे द्यायचे नाहीत, खर्च स्वच्छता करातून. गाळ ओढ्यात न टाकता प्रक्रिया केंद्रात. म्हणजे १८८८ च्या करासारखाच कर, फक्त जातीचं नाव गेलं आणि माणसाच्या जागी पंप आला.

वाईचं हे मी आमच्या कट्ट्यावर सांगितलं तर एक निवृत्त गुरुजी उसळले. ‘‘आमची टाकी पंचवीस वर्षं झाली, भरलीच नाही. आम्ही कर कशाबद्दल भरायचा?’’ मी म्हटलं, ‘‘गुरुजी, पंचवीस वर्षांत भरली नाही ती टाकी नव्हे. एकतर तिला तळ नाही, नाहीतर तुमचा मैला सरळ गटारीतून नदीला जातोय. पिण्याचं पाणी उचलायची जॅकवेल कुठं आहे आपली, ठाऊक आहे ना?’’ गुरुजी गप्प झाले नाहीत, ते होत नसतात. बांधकाम त्यांच्या भावानं केलंय, पक्कं आहे, गळायचा प्रश्नच नाही, वगैरे बरंच झालं. शेवटी ठरलं की रविवारी सकाळी मी बांबू घेऊन त्यांच्याकडं जायचं आणि सोक्षमोक्ष लावायचा. निघता निघता मी विचारलं, ‘‘झाकण कुठं आहे?’’ तर म्हणाले, ‘‘भावाला विचारून सांगतो.’’